माझा छंद : तबकड्या, चित्रपट आणि चूल

(मंडळाच्या 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'माझा छंद' या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही, म्हणून हे लिहूनच आणले आहे. मागच्या खेपेला एका भगिनीने भरतकामावर आणि दुसरीने कुंड्यांतल्या बागेवर फार छान माहिती दिली. तसे दाखवण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. माझा छंद ऐकायचा आहे. मला जॅझचे वेड आहे.

हसलात ना? मला ठाऊकच होते. जॅझ म्हणजे मोठ्या हॉटेलात नाचताना वाजवतात तो परदेशी बाजा, अशी आपली समजूत असते. नऊवारीच्या घड्या घालणाऱ्या बाईला त्याचे काय? पण त्याच्या जुन्या तबकड्या जमवणे, त्यातले वादक ज्या चित्रपटांत ऐकू येतात ते चित्रपट पाहणे, आणि हे ऐकता ऐकता स्वयंपाक करणे, यात मला जो आनंद मिळतो तो आपल्याला सांगावा असे वाटते. शिवाय त्यातून मी एक गोष्ट शिकले. ती आपल्या मंडळाच्याही उपयोगाची आहे.

हे वेड माझ्या माहेरचे नव्हे. माझे माहेर सावंतवाडीकडचे. तिथे दशावतार, भजन आणि गणपतीतल्या आरत्या एवढेच संगीत. १९९९ साली लग्न होऊन मी मुंबईच्या चाळीतल्या दोन खोल्यांत आले. तिथे एका भिंतीला छतापर्यंत लाकडी फडताळ होते आणि त्यात भांड्यांऐवजी तबकड्या. सासूबाई म्हणाल्या, "हे तुझ्या मामंजींचं दुसरं कुटुंब. माझ्याआधी हिचा मान!"

मामंजी चित्रपटांच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण होई अशा एका स्टुडिओत नोकरीला होते. काम काय, तर खुर्च्या मांडणे, वाद्ये उचलून ठेवणे, चहा आणणे. गाणे पसंत होऊन काम संपले, की वादक मंडळी पाच-दहा मिनिटे नुसती आपल्या मजेसाठी वाजवीत. ते जॅझ. मामंजी कोपऱ्यात उभे राहून ऐकत. तिथल्या एका गोवेकर व्हायोलिनवाल्याने त्यांना पहिली तबकडी दिली, आणि मग दर शुक्रवारी चोरबाजारात फेरी सुरू झाली. विडी नाही, तंबाखू नाही, सिनेमाच्या तिकिटाखेरीज दुसरा खर्च नाही. उरलेले चार पैसे तबकड्यांत.

पुढे मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली. २००८ पासून त्यांना अक्षर दिसेना. आमचे हे दिवसभर कामावर, सासूबाईंना लिहितावाचता येत नव्हते. मग तबकडीच्या मधल्या गोल कागदावरचे नाव वाचायचे काम माझ्याकडे आले. आमच्या वेळी शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू होई, आणि माझ्यापुरते ते सातवीत संपले. पहिल्या दिवशी एका नावाला मला पाच मिनिटे लागली. पण मामंजी घाई करीत नसत. त्यांचा एकच नियम होता : "नाव वाच, मगच सुई ठेव. कोण वाजवतंय हे ठाऊक नसलं तर ऐकलं काय नि न ऐकलं काय!" आठ वर्षे मी त्यांना नावे वाचून दाखवली. २०१६ साली ते गेले. तोवर मी इंग्रजी अक्षरे झरझर वाचू लागले होते, आणि कानाने वादक ओळखू लागले होते.

आता जॅझ म्हणजे काय ते माझ्या परीने सांगते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचे नदीकाठचे गाव आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून ज्यांना अमेरिकेत नेले, त्यांची नातवंडे-पतवंडे तिथे राहत. त्यांनी देवळातली गाणी, कष्टाची गाणी, मिरवणुकीतले बँड हे सारे एकत्र करून हे संगीत जन्माला घातले. त्याची पहिली तबकडी १९१७ साली निघाली. गंमत अशी, की ती तबकडी गोऱ्या वादकांची होती. ज्यांनी हे संगीत घडवले त्यांची पाळी नंतर आली. हे आपण लक्षात ठेवू या.

यात आधी सगळे मिळून एक चाल वाजवतात. मग एकेकाची पाळी येते. ज्याची पाळी, तो त्याच चालीच्या आधाराने मनात येईल तसे, तिथल्या तिथे रचून वाजवतो. बाकीचे त्याला साथ देतात. सगळ्यांच्या पाळ्या झाल्या, की पुन्हा मूळ चालीवर येतात. आपल्या गवयांना मुखड्यावर परत येताना ऐकले आहे ना? जात वेगळी, पण जातकुळी तीच. किंवा असे समजा, की चौघीजणींना तीच वांगी आणि तोच मसाला दिला. भाजी एकच, पण प्रत्येकीच्या हाताची चव वेगळी. जॅझमध्ये ती हाताची चव ऐकायची असते.

एला फिट्झगेराल्ड नावाची थोर गायिका होऊन गेली. १९६० साली बर्लिनच्या जलशात एक नवे गाणे गाताना ती मधेच शब्द विसरली. हजारो लोक समोर बसलेले. ती थांबली नाही. मी शब्द विसरले, असे गाण्यातच गाऊन तिने पुढच्या ओळी तिथल्या तिथे जोडल्या. त्या जलशाची तबकडी निघाली आणि तिला अमेरिकेतले ग्रॅमी पारितोषिक मिळाले. पाहुणे दारात आणि डाळीचे पीठ संपलेले, अशा वेळी आपण जे करतो तेच तिने केले. आपल्याला कोणी पारितोषिक देत नाही, एवढाच काय तो फरक!

आता तबकड्यांविषयी थोडे सांगते, कारण पुष्कळ जणींच्या माळ्यावर त्या धूळ खात पडलेल्या असतील. जुनी जड तबकडी असते ती लाखेची. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे असतात, त्यांची ही लाख. आपल्या बांगड्यांना लागते तीच. ती मिनिटाला ७८ फेरे घेते आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे वाजते. ती हातातून पडली तर बशीसारखी फुटते. १९४८ पासून अमेरिकेत प्लॅस्टिकच्या हलक्या तबकड्या निघाल्या. त्या सावकाश फिरतात आणि एका बाजूला वीसएक मिनिटे वाजतात.

लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. लाकडाला लावतात ते पॉलिश म्हणजे स्पिरिटात विरघळवलेली लाखच. म्हणजे तबकडीही विरघळायची. मऊ कोरडे फडके पुरे. प्लॅस्टिकच्या तबकडीला थोडे साबणाचे पाणी चालते, पण मधला कागद भिजता कामा नये. तबकड्या एकीवर एक रचू नयेत. ताटाळ्यात ताटे ठेवतो तशा उभ्या ठेवाव्यात. उन्हात ठेवल्या तर पापडासारख्या वाकड्या होतात. पावसाळ्यात वेष्टनांना बुरशी येते, म्हणून मी ती श्रावणात एकदा पंख्याखाली सुकवते. आणि फोडणीचा धूर मोठा शत्रू. म्हणून यंत्र बाहेरच्या खोलीत, मी आत आणि दार उघडे.

लाखेची तबकडी मी फक्त निवांत दुपारी लावते, कारण दर तीन मिनिटांनी उठावे लागते आणि पोलादी सुई दर बाजूला बदलावी लागते. कणकेच्या हातांनी ते होत नाही. स्वयंपाकाला लांब तबकडी बरी. एका बाजूत भात शिजून मुरतो. घड्याळ बघावे लागत नाही.

आता नावांची गोष्ट. जुन्या तबकड्या वाचता वाचता माझ्या ध्यानात आले, की आपल्या चित्रपटांच्या तबकड्यांवर पुष्कळांची नावे नाहीत. 'महल' हा चित्रपट १९४९ सालचा. त्यातले लताबाईंचे गाणे घरोघर पोचले, पण तबकडीवर नाव छापले होते 'कामिनी'. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव! गाणारी कोण, हे लोकांनी रेडिओला पत्रे लिहून विचारले, तेव्हा ते उजेडात आले. लताबाईंची ही गत, तर मागे बसून वाजवणाऱ्यांची काय असेल?

त्या वेळी मुंबईच्या स्टुडिओंतले पुष्कळसे वादक गोव्याचे होते. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच व्हायोलिन आणि कागदावरची पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. ही मंडळी मुंबईस आली. रात्री हॉटेलांत जॅझ वाजवीत, दिवसा स्टुडिओत. संगीत दिग्दर्शक चाल देई. ती चाल पन्नास वादकांत कशी वाटायची, व्हायोलिनने काय वाजवायचे, ट्रम्पेटने कुठे शिरायचे, हे कागदावर उतरवणारा माणूस वेगळा असे. शंकर-जयकिशन यांच्याकडे ते काम सेबॅस्टियन डिसोझा करीत. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ बच्चन मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतात ना, ते या गुरूचे. शिष्याने गुरूचे नाव असे देशभर नेले. आपण ते विनोद म्हणून ऐकले!

आणि चिक चॉकलेट. हे काय नाव, असे मलाही वाटले होते. खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या अल्दोन गावचे. ट्रम्पेट असे वाजवीत की लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे चितळकर, यांच्या गाण्यांना त्यांची फार मोठी साथ होती. १९५१ चा 'अलबेला' पुन्हा कधी लागला तर भगवानदादांच्या नाचावरून क्षणभर नजर काढा आणि मागचा बँड बघा. त्यात चिक चॉकलेट आणि त्यांची मंडळी स्वतः पडद्यावर आहेत. १९५७ च्या 'आशा' चित्रपटातले 'ईना मीना डीका' हे गाणेही सी. रामचंद्र यांचेच. त्यात मुलांच्या खेळातल्या बडबडीबरोबर चक्क आपल्या कोंकणीतले शब्द आहेत. मी ते प्रथम ऐकले तेव्हा भाजी ढवळता ढवळता मोठ्याने हसले.

वादकांना मान मिळाल्याचीही उदाहरणे आहेत. १९६८ साली शंकर-जयकिशन यांची रागांवर बसवलेल्या जॅझची एक तबकडी निघाली. सतारीवर उस्ताद रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो. त्यांची नावे तिच्या वेष्टनावर आहेत. मामंजी ती तबकडी लावण्याआधी सगळी यादी माझ्याकडून वाचून घेत आणि एकेका नावाला मान डोलावीत. त्यांतल्या किती जणांना त्यांनी खुर्ची मांडून दिली असेल!

२०१५ साली 'नाचूंया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट आला. गायिका लॉर्ना आणि संगीतकार ख्रिस पेरी यांच्या जीवनावर तो बेतलेला आहे, आणि त्याला उत्तम कोंकणी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मुंबईतल्या त्या वादकांची सुखदुःखे त्यात आहेत. मामंजींना दिसत नव्हते, पण मी त्यांना तो चित्रपटगृहात नेऊन ऐकवला. पडद्यावर काय चालले आहे ते कानात सांगत होते. मधेच त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, "राहू दे, मला दिसतंय."

आता चुलीकडे येते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही स्वयंपाकाचे सांगणार होती त्याचे काय झाले! लुई आर्मस्ट्राँग हा जॅझचा सगळ्यांत मोठा वादक. १९०१ साली न्यू ऑर्लिन्सला अत्यंत गरीब घरात जन्मला. त्याला सगळ्यांत प्रिय पदार्थ म्हणजे राजमा आणि भात. पत्राच्या शेवटी आपण 'आपला नम्र' लिहितो, तिथे तो 'आपला राजमाभाती' अशा अर्थाचे शब्द लिहून सही करी! त्या गावात हा पदार्थ सोमवारी करण्याची रीत. कारण काय, तर सोमवार हा बायकांचा धुण्याचा वार. सकाळी राजमा मंद आचेवर ठेवायचा आणि दिवसभर कपडे धुवायचे. तो आपला आपण शिजत राहतो. पदार्थ घडवला कोणी, तर कपडे धुणाऱ्या बायकांनी. त्यांची नावे कुठे आहेत?

मी तो असा करते. लाल राजमा रात्रभर भिजत घालायचा. सकाळी पाणी बदलून पहिली दहा मिनिटे चांगला खळखळून उकळायचा, कारण अर्धाकच्चा राजमा बाधतो. मग आच मंद. तेलात कांदा, भोपळी मिरची, लसूण परतून घालायचे. तिकडे सेलरी नावाची भाजी घालतात. मी कोथिंबिरीचे कोवळे देठ घालते. दोन तमालपत्रे, एक सुकी मिरची. तिकडे डुकराचे मांस घालतात, आमच्याकडे ते चालत नाही. तासा-दीड तासाने दाणे मऊ झाले, की मीठ घालून पळीने थोडे दाणे भांड्याच्या कडेला चिरडायचे, म्हणजे रस्सा दाट होतो. गरम भातावर वाढायचा. कुकर लावू नका. शिटीने तबकडी ऐकू येत नाही. लांब तबकडीच्या चार-पाच बाजू झाल्या, की राजमा तयार.

याच आर्मस्ट्राँगची आणखी एक गोष्ट. त्याचे नाव झाले ते १९२५ च्या सुमाराच्या तबकड्यांनी. त्यांत पियानोवर त्याची पत्नी लिल हार्डिन आहे. दुसऱ्याच्या बँडमध्ये राहू नकोस, स्वतःच्या नावाने वाजव, असे त्याला टोचून सांगणारी तीच. पुढे ते दोघे वेगळे झाले, पण त्या तबकड्यांत तिची बोटे आजही ऐकू येतात. नाव वाचले नाही तर मात्र ती कोणाला कळणार नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. २०१९ साली आमची चाळ पाडायची ठरली. बिऱ्हाड संक्रमण शिबिराच्या एका खोलीत न्यायचे होते, आणि त्यात फडताळ मावणार नव्हते. त्याच वर्षी मुलीच्या परिचारिका-शिक्षणाची फी भरायची होती. एक व्यापारी आला, त्याने फडताळाकडे उभ्याउभ्याच पाहिले आणि सगळ्या मिळून पंधरा हजार देतो म्हणाला. ह्यांना पैशाची नड होती. हे म्हणाले, "बाबा गेले. आता कोण ऐकतं?"

मी चहाची कपबशी खाली ठेवली आणि म्हटले, "मी ऐकते." लग्नाला वीस वर्षे झाली होती, पण हा संग्रह माझाही आहे हे घरात कोणाच्या मनातच आले नव्हते. ह्यांचा दोष नाही. मी तरी ते कधी बोलले होते? मी म्हटले, "विकायला माझी ना नाही. मुलीची फी आधी. पण नावं वाचल्याशिवाय एकही तबकडी दाराबाहेर जायची नाही."

मग मी दोनशे पानी वही आणली आणि रात्री जेवणे उरकल्यावर रोज वीस-पंचवीस तबकड्या उतरवून काढल्या. नाव, वादक, साल, चरे किती. एकंदर ४१२ भरल्या. मुलीने फोनवर एकेक नाव शोधून भाव पाहिला. ज्या दुहेरी होत्या आणि ज्या मी कधी लावत नाही, त्या जमवणाऱ्या लोकांना एकेक करून विकल्या. फी भरली, वर थोडे उरले, आणि १७० तबकड्या घरात राहिल्या. आज त्या आमच्या पलंगाखाली उभ्या आहेत. वहीच्या पहिल्या पानावर मुलीने 'आजोबांच्या तबकड्या' असे लिहिले होते. ह्यांनी पेन मागून घेतले आणि त्याखाली माझे नाव लिहिले. बोलले काहीच नाहीत.

कोणी म्हणेल, आता सगळी गाणी फोनवर फुकट मिळतात, मग ही अडगळ कशाला? फोन माझ्याकडेही आहे, आणि मी त्यावरही ऐकते. पण तिथे गाणे सुरू होते आणि संपते. मागे सनई कोणाची, ढोलक कोणाचा, हे बहुधा दिसत नाही. तबकडी हातात घेतली की वाचावे लागते. वाचले की माणूस दिसतो.

म्हणून भगिनींनो, माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, आपल्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा फडक्याने पुसून त्यांवरची नावे वाचा. कदाचित आपल्याच कोणाचे नाव निघेल. दुसरी सूचना कार्यकारिणीला. वर्धापनदिनाच्या जेवणाला दरवर्षी शंभरावर पाने उठतात. स्मरणिकेत देणगीदारांची नावे छापतात, पाहुण्यांची छापतात. पहाटे चारला उठून पुऱ्या लाटणाऱ्यांची, मसालेभाताला अंदाजाने मीठ घालणाऱ्यांची आणि मागची भांडी घासणाऱ्यांची नावे आजवर कुठेच आलेली नाहीत. यंदा ती छापावीत, आणि पंगत बसण्यापूर्वी व्यासपीठावरून वाचून दाखवावीत. फार तर पाच मिनिटे लागतील. वाचायला कोणी नसेल तर मी वाचीन. मला नावे वाचायची सवय आहे.

आता मी एक तबकडी लावते. आधी तिच्यावरचे नाव वाचते.